कसला वास येतोय गं?

थंडी पडली, की शहरात, गारखेड्याच्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी लगबग सुरू होते. डिकीत सतरंज्या, दह्याचं भांडं, शेंगदाण्याची चटणी ठेवून आणि शाली गुंडाळलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवून लोक हुरड्याला निघतात. संध्याकाळी परततात तेव्हा त्यांच्या कपड्यांना आगटीचा धूर चिकटलेला असतो. शेजारची सून फाटकापाशी थांबून ओंजळभर हुरडा देते आणि म्हणते, "काकू, गरम होता तेव्हा लई भारी लागत होता." मी तो तळहातावर घेते. आणि मला गाव आठवत नाही, शेत आठवत नाही. स्कॉटलंड आठवतं.

हसू नका. माझंही आधी हसूनच झालं आहे.

अजिंठ्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथली पौषातली सकाळ म्हणजे ज्वारीच्या पानांवरचं दव, पायाला गार लागणारी काळी माती आणि बांधाच्या आडोशाला खणलेली आगटी. त्या खड्ड्यात गोवऱ्या फुलायच्या, निखाऱ्यांत कणसं खुपसली जायची, आणि आई भाजलेलं कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करायची. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, त्याला हाक जायची, "या की, हुरडा खाऊन जा." हुरड्याला आलेल्या माणसाला कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलं नाही. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या शेतांचा हाच कायदा असणार.

त्या गावातून शहरात येऊन बी.एस्सी. झालेली आमच्या घरातली मी पहिली. पहिली मुलगी नव्हे, पहिलं माणूस. हे मी सांगते आणि सांगत राहणार. विषय वनस्पतिशास्त्र. प्रात्यक्षिकाच्या मॅडम म्हणायच्या, "नुसतं बघू नका. पान चुरगाळा, हुंगा, मग नाव सांगा." गावाकडं मी हुंगतच मोठी झाले होते; कॉलेजात त्याला मार्क मिळाले, एवढाच फरक.

लग्न होऊन आले ती बजाजनगरच्या एका खोलीत. आमचे हे बीअरच्या कारखान्यात, धान्य आंबवतात त्या विभागात होते. नोकरीच नाकाची. टाकीच्या झाकणाशी वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, हे जमलं, हे बिघडलं. घरी आले की शर्टाला भिजल्या धान्याचा, ताकासारखा आंबूस वास. मी पाणी तापवून ठेवायची आणि दारातच सांगायची, "आधी आंघोळ, मग चहा." भिंतीपलीकडच्या खोलीत भीमराव भाऊजी आणि त्यांची बायको संघमित्रा राहायचे. भाऊजी त्याच कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे, संघमित्रा दवाखान्यात नर्स होती. भाऊजींना आपल्या दोस्ताच्या नाकाचा एवढा अभिमान, की भाजीवाल्यालासुद्धा सांगायचे, "आमच्या दत्ताचं नाक म्हंजे लॅबोरेटरी हाय. हा नुस्ता श्वास घेतो, मशीन रिपोर्ट मागून देतं."

गच्चीवर मुरमुरे खाता खाता दोघांनी ठरवून टाकलेलं होतं, की रिटायर झालो की स्कॉटलंडला जायचं. किल्ले बघायचे, आणि जिथं सातू आंबवून व्हिस्की करतात त्या जुन्या भट्ट्या बघायच्या. मी आणि संघमित्रा ऐकून घ्यायचो. पुरुष गच्चीवर काय काय ठरवतात!

रिटायर झाले, आणि मग ती साथ आली. ह्यांना ताप आला, उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. इतरांचा परत आला. ह्यांचा आला नाही. गॅसवर दूध करपायचं, हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. आमटीतलं नुसतं तिखट-मीठ कळायचं, आमटी कळायची नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. बघितली. भाऊजींना सांगू द्यायला हे तयार नव्हते. "त्यानं टिंगल केली तर चालंल," म्हणाले, "कीव केली तर मला झेपायचं नाय." तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता नको म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. "बघून तर येऊ," एवढंच म्हणाले. ज्या माणसाची सगळी हयात नाकावर गेली, तो नुसतं बघायला निघाला होता. तिथं, भट्टीतल्या धान्य आंबवायच्या हौदांपुढं उभं राहिल्यावर ह्यांचं काय होईल?

जुलै महिना होता. तिकडं संध्याकाळ सरतच नव्हती. आपल्याकडं तिन्हीसांज म्हणजे देवापुढं दिवा लागेस्तोवरचा वेळ. पदर झटकून उठेपर्यंत संपते. तिकडं जेवणं व्हायची, भांडी व्हायची, भाऊजींचे जुने किस्से नव्यानं सांगून व्हायचे, तरी खिडकीबाहेर तोच निळसर, दुधात बुडवून काढल्यासारखा उजेड. डोंगरांवर जांभळी झाक. मेंढ्या कुणी उभ्याच्या उभ्या विसरून गेल्यासारख्या. पाऊस पडायचा नाही, हवेत नुसता थांबायचा. कधी कधी मला वाटायचं, आपण झोपलेलो आहोत आणि गारखेड्यातल्या आपल्या पलंगावर कुणीतरी आपल्याला हाका मारतंय.

गाडी भाऊजी चालवायचे. तिकडंही रस्त्याची डावी बाजूच आपली, त्यामुळं त्यांना घरच्यासारखं वाटायचं. फक्त हॉर्न वाजवायला मिळत नाही म्हणून हात शिवशिवायचे. गाडी चालवायची म्हणून ते थेंबाला शिवायचे नाहीत. मी आणि संघमित्रा तर जन्मात कधी प्यायलो नव्हतो. म्हणजे भट्ट्या बघायला निघालेल्या चौघांत पिणारा एक, आणि त्याला वास येत नव्हता.

किल्ले मात्र चौघांचेही होते. तळ्याच्या काठाला अर्धे पडलेले, खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसणारे. भाऊजी कमरेवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला किल्ला म्हणतेत व्हय? आपल्या देवगिरीच्या खंदकात असले दोन बसतील."

"मग देवगिरीलाच जायचं होतं की रिक्षानं," संघमित्रा म्हणायची. "व्हिसाचे फोटो काढताना तर लई पावडर लावली होती."

अशाच एका किल्ल्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच मागं राहिलो. ते दोघं बुरुजावर चढून गेले होते. भिंतीत एवढी मोठी चूल, की आत बैलगाडी उभी राहील. दगड काळे, वर धुराड्यातून उजेडाचा एक चौकोन खाली पडलेला. हे त्या चुलीपाशी गेले, दगडावर हात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "कसला वास येतोय गं?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी गडबडले. म्हटलं, "काही नाही हो. जुनाट."

"असं नको. नीट सांग."

मग मी डोळे मिटले. पान चुरगाळून मॅडमपुढं उभी राहायची, तशी उभी राहिले. म्हटलं, "पाणी मारून विझवलेल्या चुलीचा. पण विझून फार दिवस झालेत. आणि वर कुणीतरी ओलं घोंगडं वाळत टाकलंय."

"कुणाचं घोंगडं?"

"धनगराचं. दिवसभर पावसात मेंढरांमागं फिरून आलेलं."

"हां," हे म्हणाले. नुसतं 'हां'. पण भिजून आलेला माणूस उंबऱ्याच्या आत पाय टाकताना म्हणतो तसं ते होतं.

त्यानंतर आमचं सुरू झालं. चोरून, लग्न ठरलेल्या पोरापोरींसारखं. भाऊजी-संघमित्रा चार पावलं पुढं गेले की हे माझ्याशेजारी यायचे. पहिल्या भट्टीत लाकडाचे भले मोठे हौद होते, आत फेस उसळत होता. दाखवणारी मुलगी म्हणाली, जास्त वाकू नका, वाफ नाकात जाते. मी वाकले. नाकाला झिणझिण्या आल्या, डोळे भरून आले. कानाशी प्रश्न आलाच. म्हटलं, "आंबिलीचं मडकं. दोन दिवस उतरंडीत राहिलेलं." आणि मग जे खरं होतं तेही सांगून टाकलं, "तुमचा शर्ट. बजाजनगरमधला."

हे बराच वेळ फेसाकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे जमलंय. आज-उद्यात उतरवतील."

मी दारूला नावं ठेवत आलेली बाई. आमच्या गल्लीत दारूनं काय काय केलं ते मी पाहिलेलं आहे, आणि आजही माझं मत बदललेलं नाही. पण वासाला मी काय म्हणून नावं ठेवू? तिथल्या वासांना इंग्रजी नावं होती, भिंतीवर चित्रांसकट लावलेली. मी शिकलेली आहे, मला ती वाचता येत होती. पण ह्यांना ती सांगून उपयोग नव्हता. ज्या वासाशी ह्यांची ओळख नव्हती त्याचं नाव ऐकून आत काय उमटणार? मला गावाकडं जावं लागायचं. दलदलीतून कापून वाळवलेली, गोवरीसारखी पेटणारी माती जाळून सातू धुरावतात तिथं मी म्हटलं, "पावसाळ्यात पेटवलेल्या गोवऱ्या. पेटत नाहीत, नुसत्या धुमसतात." पिंपं ठेवलेल्या अंधाऱ्या कोठारात, जिथं जमीन मातीची होती आणि भिंतींना काळी बुरशी, तिथं म्हटलं, "पेव उघडलंय." जमिनीखालच्या कोठारातलं धान्य काढायला आमच्याकडं पेव उघडलं की आधी सगळे लांब उभे राहायचे, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायचे, तीच हवा. आणि एका पिंपाच्या तोंडाशी मी स्वतःच हसले. "दिवाळीनंतरचा लाडवांचा डबा. लाडू संपलेत, तळाला तूप आणि वेलदोडा राहिलाय."

"बोट फिरवून चाटायचा राहिलाय," हे म्हणाले.

त्याच कोठारात त्या मुलीनं सांगितलं, की पिंपातली थोडी व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते, त्याला इथं देवदूतांचा वाटा म्हणतात. मी मराठीत सांगितल्यावर संघमित्रानं पदर सावरला. "देवदूतांनी प्यायली की वाटा, अन् माणसानं प्यायली की व्यसन. बरं हाय त्यांचं." भाऊजी एवढे हसले, की पिंपामागून कुणीतरी वाकून बघितलं.

आता लिहिताना वाटतं, ते दिवस तसेच चालले असते तर आम्ही गुपचूप गेलो आणि गुपचूप परत आलो असतो. पण आडवं आलं सातूचं शेत.

आम्ही एका खेड्याच्या कडेला छोटं घर भाड्यानं घेतलं होतं. घरमालकीण शेजारीच राहायची, म्हातारी, ताठ, लाल गालांची. घरासमोरच्या रस्त्यापलीकडं शेत होतं, वाऱ्यावर पाण्यासारखं हलणारं. भाऊजी म्हणाले, "गहू." मी म्हटलं, "सातू." वाद मिटवायला मी एक लोंबी तोडली, चोळली, दाणा दातांखाली धरला. दूध आटून नुकतं घट्ट व्हायला लागलेलं.

"हुरड्याला आलंय," मी म्हटलं.

मराठवाड्यातल्या माणसाला एवढं वाक्य पुरतं.

संघमित्रानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. "कुणी बघितलं तर?"

"बघितलं तर हाक मारू की, या म्हणून," भाऊजी म्हणाले, आणि तिच्या शालीत लोंब्या पडायला लागल्या.

आगटी कुठली? विजेची शेगडी आणि सपाट तवा. धग लागताच कुसळं तडतडायला लागली. बाहेर दोरीवर कपडे होते आणि पाऊस पुन्हा हवेत थांबला होता. मी ह्यांच्या हातात उलथनं दिलं. "हलवत राहा, मी आलेच." संघमित्रा आतल्या खोलीत बॅगेतून चटणी शोधत होती, भाऊजी गाडीची काच पुसत होते. मी दोरीवरचा पहिला चिमटा काढला असेल नसेल, तोच घर किंचाळायला लागलं. छताला लावलेली ती धुराची घंटा! आत शिरले तर सगळीकडं निळा धूर, तव्यावर कोळसा, आणि हे पाठमोरे खिडकीशी उभे, डोंगर बघत. घंटा वाजली तशी दचकले होते, पण कशाची घंटा ते त्यांना कळलेलं नव्हतं.

भाऊजी धावत आले, खुर्चीवर चढून टॉवेलनं छताला वारा घालायला लागले. "अरे दत्ता! आख्खं घर पेटायची वेळ आली अन् तू डोंगर बघतो? नाक गहाण टाकलं का काय?"

"व्हय," हे म्हणाले. "गेलंय."

भाऊजी हसले. मग माझ्याकडं बघितलं आणि हसायचे थांबले.

"कधीपासून?"

"साथीपासून."

भाऊजी खुर्चीवरून उतरले. टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. "इतकी वर्षं? अन् मला नाय सांगितलं? मी इथं सगळ्यांना सांगत फिरलो, की हा माणूस नाकानं..." टॉवेल खुर्चीवर टाकला. मग एकदम चिडून म्हणाले, "मग ह्या भट्ट्यांत काय करत होता रे तू?"

"ही सांगते मला. वास."

"वैनी? ज्यांनी आमच्या गच्चीवर सोड्याच्या बाटलीला हात लावला नाय, त्या?"

एवढ्यात घरमालकीण दारात आली. मी तव्याकडं बोट दाखवलं. हुरड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही, तोंडातून निघालं ते सातूचं कॉलेजात पाठ केलेलं लॅटिन नाव, "होर्डियम व्हल्गेर." बाई तव्याकडं, मग शालीकडं, मग रस्त्यापलीकडं बघायला लागली. म्हणाली, ते शेत माझ्या भावाचं आहे. मी मान ताठ ठेवून सांगितलं, की आमच्याकडं अशा वेळी वाटेनं जाणाऱ्याला शेतकरी स्वतः बोलावतो, आणि आम्ही वाटेनं जात होतो. तिनं शालीतली एक लोंबी उचलून बघितली. मग म्हणाली, भावाला सांगते; इतक्या पिढ्या आम्ही याची दारू करतोय, भाजून खायचं कुणाला सुचलं नाही. खुर्ची ओढून बसली. उरलेल्या लोंब्या मी भाजल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर मारून कुसळं उडवली. चटणीनं तिचे गाल आणखी लाल झाले. पण तिनं ओंजळ परत पुढं केली.

ती गेल्यावर हे बाहेर जाऊन दगडी कुंपणावर बसले. मी मागोमाग गेले. तोच निळा उजेड.

"उद्याचं राहू दे," म्हणाले. उद्या शेवटची भट्टी होती, समुद्राकाठची, गच्चीवरच्या गप्पांत जिचं नाव सगळ्यात जास्त वेळा यायचं ती. "चोरून होतं तोवर बरं होतं. आता भीमराव सारखा माझ्या तोंडाकडं बघंल. मी समुद्रावर बसतो. तुम्ही फिरून या."

कीव त्यांना झेपणार नव्हती, ते मला ठाऊक होतं. म्हणून मी ती केली नाही. म्हटलं, "मी शिकले ती काय कागद भिंतीवर लावायला? मी जाणार. एकटी जाईन, सगळं हुंगून येईन, आणि तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही."

हे बघतच राहिले. मग म्हणाले, "लई कडक हायेस."

सकाळी सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसले ते हेच.

त्या भट्टीच्या भिंतीला लाटा लागत होत्या. लांब टेबलावर ग्लास मांडलेले, आजूबाजूला कुठकुठल्या देशांची माणसं. पहिला ग्लास मी उचलला, हुंगला, आणि या वेळी मोठ्यानं म्हटलं, "खारवलेली कैरी. बरणी उन्हात ठेवलीय." सगळे वळून बघायला लागले. भाऊजींनी ह्यांच्याकडं बघितलं नाही. स्वतःचं नाक ग्लासात खुपसलं, नुसतंच, आणि म्हणाले, "कैरी नाय वैनी. आपल्या वर्कशॉपातला ऑइलचा डबा हाय."

"तुझं नाक तसलंच," हे म्हणाले. "हिचं बरोबर असणार."

भाऊजी खुर्चीत मागं टेकले. टिंगल परत सुरू झाली होती, आणि दोघांनाही ते कळलं होतं. मग चढाओढच लागली. संघमित्राला एका ग्लासात दवाखान्यातला स्पिरिटचा बोळा सापडला, मला शाळेच्या पहिल्या दिवशीची नवी वही. चौथ्या-पाचव्या ग्लासाला माझं नाक थकलं. मी तो नुसता तोंडाशी नेला आणि म्हटलं, "तोच. धुराचा."

"तू हुंगलंच नाहीस," हे म्हणाले.

"तुम्हाला काय कळलं?"

"तुझ्या नाकपुड्या हलल्या नाहीत." ग्लास माझ्याकडं परत सरकवला. "आंबूस असलं की तू आधी भुवई वर करतेस. धूर असला की मान जरा मागं घेतेस. गोड असलं की तुला हसू येतं अन् तू ते दाबतेस. मी तेच बघत असतो. शब्द मागून येतात."

लग्नाला सारी उमर झाली. ह्या माणसानं मला चांगलं वागवलं, कधी उणं पडू दिलं नाही. पण माझ्या चेहऱ्याकडं असं कुणी बघत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी समजत होते, मी सांगते आणि हे ऐकतात.

शेवटी तिथल्या माणसानं एका जुन्या पिंपात लांब नळी घालून थोडी व्हिस्की काढली. आमच्या लग्नाच्याही आधीचं ते पिंप, असं त्यानं सांगितलं. ग्लास त्यानं ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी तो माझ्या हातात दिला.

मी श्वास घेतला. आत काय आलं ते मला आजही मांडता येत नाही. गावाकडं गेले, घर शोधलं, शेत शोधलं, सगळे डबे उघडले. कुठंच ते नव्हतं, आणि तरी ते अनोळखी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड उघडलं.

"थांब," हे म्हणाले. "सांगू नको."

आणि माझ्याकडं बघत राहिले. टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं असावं, बाहेर समुद्र तेवढा होता. मग ग्लास माझ्या हातातून घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"कळलं," म्हणाले.

"काय कळलं?" भाऊजी पुढं झुकले. "आम्हाला तर सांग लेका!"

ह्यांनी ग्लास परत माझ्या हातात ठेवला आणि खुर्ची थोडी माझ्याकडं वळवून घेतली.

"अजून एकदा घे," म्हणाले. "या वेळी हळू."